आप्पांना वाचून दाखवलेले भुताचे सिनेमे

परक्या भाषेतले भुताचे सिनेमे मला आवडतात, आणि ते मी खालच्या इंग्रजी ओळी वाचतच बघते. हिंदी आवाज घातलेला सिनेमा मला चालत नाही. कोरियातली बाई कोरियनमध्येच किंचाळली पाहिजे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.ए. केलं तेही इंग्रजी घेऊन. पडद्यावर पळणाऱ्या ओळी मी न थांबवता वाचू शकते, याचा मला गर्व होता. होता म्हणते.

आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीत, जंगलात; तिथं रेंज नाही. कॅसलरॉकला गेले की स्टेशनवर बसून सिनेमा मोबाईलवर उतरवून घ्यायचा आणि रविवारी दुपारी ओसरीवर भाताच्या पोत्याला टेकवून लावायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेजारी सुपारी कातरत बसायचे. त्यांना सही तेवढी येते.

"काय म्हणतीय गं ती?"

"घरात कोणतरी हाय म्हणतीय."

"आन् तो एवढा वेळ बोलला ते?"

"काय न्हाई आप्पा, तेच ते. बघा की गप."

चार ओळींची मी एक करायचे. आप्पांचं त्यावाचून काही अडायचं नाही. एका सिनेमात नवी सून, नवरा आणि सासू होती. निम्म्यातच आप्पा म्हणाले, "सासू जिती न्हाई."

"कशावरनं?"

"समद्यांस्नी वाढतीया. तिचं ताट कुठाय? एकदा तरी जेवली काय?"

शेवटी तेच निघालं. मी ओळी वाचत होते, ते ताटं बघत होते. मी हसण्यावारी नेलं.

त्या साली सरकार जंगलातली गावं उठवणार अशी बोलणी चालू होती. गावानं देवळात जमून ठरवलं, कुणी राजी व्हायचं नाही. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांचा. त्यांनीच नारळ धरला आणि एकेकानं त्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पुढं कापणीच्या दिवसांत घरं मोजायला म्हणून एक माणूस आला. दोन पानांचा कन्नड कागद. कन्नड आम्ही सगळेच बोलतो, पण माझी शाळा मराठी. वाचायला मला अक्षराला अक्षर जुळवावं लागतं. त्या माणसापुढं हे कबूल करायची लाज वाटली. पदवीधर ना मी! पहिलं पान मोठ्यानं वाचलं. नाव, घर, जमीन, माणसं. दुसऱ्यावरून नुसती नजर फिरवली.

"त्यात काय हाय?"

"काय न्हाई आप्पा, तेच ते. घाला सही."

आप्पा हळूच म्हणाले, "ह्यो माणूस दिलेल्या चहाला हात लावंना गं. नजर देईना."

"कागद मी वाचला न्हवं?"

त्यांनी सही केली.

महिन्याभरानं यादी लागली. गाव सोडायला राजी असलेल्यांची. आमच्या गावातलं एकच नाव होतं, आप्पांचं. दुसऱ्या पानावर तेच होतं; बाकीच्या घरांनी ते वाचून घेतलं आणि सही दिली नाही. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "या, ग्रॅज्युएट बाई! कवा निघायचं ठरलं?" चुकून झालं म्हटलं, तर शेजारीण म्हणाली, "अडाण्याचं चुकतंय. तुमच्या घरात वाचणारी हाय की!"

नाव काढा म्हणून अर्ज दिलाय. उत्तर नाही. यंदा देवळात गाऱ्हाणं दुसऱ्यानंच घातलं. आप्पा माणसांत मागं उभे होते.

रविवारी अजून मी सिनेमा लावते. आता एक ओळ सोडत नाही. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, लांबून रडण्याचा आवाज, तेसुद्धा मोठ्यानं वाचते. आप्पा पोत्याकडं पाठ करून पायरीवर बसतात, शेताकडं बघत. काय म्हणतीय ती, असं विचारत नाहीत.