हौसाआत्याची गुराब

माझी आत्या हौसा ही पेणच्या खाडीकाठची सगळ्यात रागीट बाई. ‘हौसा उगाच तापते’ असं आमच्या नात्यात सर्रास म्हणतात. उगाच नाही. तिच्या रागाला कारणं होती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे माझे वडील, तिचा धाकटा भाऊ कान्हू. बाबा हे वाचतील तर वाचू देत.

माझे आजोबा गोविंदा तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. त्यांचा एक मोठा मचवा होता, त्याला आजीचंच नाव दिलेलं, मैना. मिठागरातलं मीठ भरून तो खाडीने मुंबईकडे जायचा. लहान असताना आत्या कितीदा तरी त्यावर बसून गेली होती. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, आणि मैना बंदरातल्या चिखलात रुतून बसली. आजोबा गेले तरी ती तिथेच होती. मिठागरावरून येताना आत्या वाट वाकडी करून जायची आणि तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून मगच घरी यायची.

एकदा आत्या नातलगांकडे हळदीला गेली. परत येते तर चिखलात नुसता खड्डा. बाबांनी मचवा जळणाला विकून टाकला होता, बहिणीला एका शब्दाने न विचारता. पेणच्या एका बेकरीच्या दारात मैनेची नाळ कुऱ्हाडीखाली जायची वाट बघत पडलेली आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. भर रस्त्यात ती बाबांच्या नावाने ओरडली. बाबांचं म्हणणं एकच, “सडून चाललेली ती. तिचं काय लोणचं घालायचं होतं?” आत्याला चहात पाव बुडवून खायची भारी आवड. त्या दिवसापासून तिने पाव तोंडाला लावला नाही.

नंतर बाबा रोह्याला कंपनीत लागले, आम्हीही तिकडे गेलो. आत्या विधवा झाली आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. कागदाचा लगदा साच्यात दाबायचा, सुकल्यावर दोन बाजू जोडायच्या, सांधा घासून असा बुजवायचा की कुठे जोडलंय ते कळू नये. हा हात तिला बसला. कारखान्यात भिंतीवर एक जुनी तसबीर होती, समुद्रात निघालेली आंग्र्यांच्या काळची गुराब. गुराब म्हणजे तेव्हाचं लढाऊ जहाज, डोलकाठ्या उंच आणि दोन्ही अंगांना तोफा. आजोबा सांगायचे की आपला कुणी पूर्वज गुराबेवर होता. खरंखोटं देव जाणे. आत्या ती तसबीर रोज बघायची आणि रोज चिडायची. “मेल्यानं वारा कधी बघितलेला नाय. शीड एकीकडं फुगलाय, निशाण फडकतंय दुसरीकडं!” शेवटी एक दिवस म्हणाली, मीच करते, नीट. “आनि कागदाची करीन. कागद कोन बेकरीवाल्याला इकत नाय.”

तिचं माप सोपं होतं. खऱ्या जहाजाचा एक हात म्हणजे कागदाच्या जहाजाचं एक बोट. त्या मापाने गुराब टेबलाएवढी लांब झाली. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा कापून एकेक फळी, आत कण्याला जोडलेली एकेक बरगडी, कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाच्या गुंडाळलेल्या तोफा, सिमेंटच्या पिशवीची शिडं. खळीत मोरचूद घालायची, म्हणजे कसर लागत नाही. दोर मात्र बघण्यासारखे होते. बायका मांडीवर देवाच्या वाती वळतात तशी ती कागदाच्या पट्ट्या वळायची आणि दोन वळून एक करायची. तसबिरीत गुराबेची नाळ खालच्या लाटेत बुडालेली होती, दिसत नव्हती. ती आत्याने मनानेच केली. कुणाला विचारलं नाही.

ती गुराब पुरी व्हायला वर्षं गेली. फळी तिरकी बसली की आत्या सगळी बाजू उखडून पुन्हा चिकटवायची. शेजारच्या ठमाबाईने एकदा सहज म्हटलं, “हौसा गो, आतलं कोन बघनार हाय?” त्यावर आत्या तिच्याशी वर्षभर बोलली नाही. तिला एवढंच हवं होतं, की लोकांनी ही गुराब बघावी. नीट, जवळ येऊन, फळी न् फळी बघावी. मैनेकडे शेवटी कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ती गेली, असं तिचं म्हणणं.

शहाण्णव सालच्या श्रावणात बाबा पेणला गेले. ते आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष झाले होते आणि त्या वर्षी देखाव्यांची स्पर्धा होती. त्यांनी गुराब पाहिली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. “बाय, दे ना गो मना. सगळा रोहा बघंल,” ते म्हणाले. सगळा रोहा बघेल, या एका वाक्याला आत्या फसली. तरी तिने बजावलं, गुराब देवाच्या समोर वेगळ्या टेबलावर राहील, तिच्यावर फूलसुद्धा पडता कामा नये. बाबांनी स्वतःच्या आईची शपथ घेतली. वाटेत कुणी आदळू नये म्हणून टेम्पोत आत्या स्वतः मागे बसून आली, गुराबेला कवेत धरून, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार करत.

चतुर्थीला तिला पेणला परत जावंच लागलं. घरचा दीड दिवसाचा गणपती टाकून येणार कशी? तो बोळवून ती तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीने रोह्याला उतरली, ती थेट मांडवात.

मी तिथेच होते. तेव्हा मी अकरावीत होते आणि दोन दिवस हे सगळं बघून आतल्या आत जळत होते. घरात बाबांपुढे माझं कोण ऐकतो! मंडळाच्या लोकांनी गुराबेची मधली डोलकाठी उपटून काढली होती आणि त्या जागी, वरच्या फळीवर, प्लास्टरचा जाडजूड गणपती बसवला होता. शिडांवर बल्बच्या माळा. तोफांच्या रांगेवरून थर्माकोलच्या लाटा आणि ‘सहर्ष स्वागत’चं फडकं. गुराब कुठे दिसतच नव्हती. दिसत होता तो तिचा फुगलेला पोटाचा भाग, कारण बल्बच्या उष्णतेने खळ सुटत चालली होती आणि वरून देवाचं वजन.

 आत्याने असा आवाज काढला की ढोलवाले थांबले.

“कान्हू! देव कोनी बसवला माझ्या गुराबेवर?”

“अगो, देव होडीत बसून आलाय, असा देखावा हाय. लोकांना आवडलाय.”

“उतरव.”

बाबांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी मान हलवली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवता येत नाही. हलवली की गणपती गेला, त्याच दिवशी विसर्जन. हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पेणच्या माणसाला हे आईच्या दुधातून कळतं. आणि बाबा पेणचेच. आत्या चतुर्थीला येऊ शकणार नाही हे ओळखूनच त्यांनी हे केलं होतं, एकदा देव बसला की तिला काही करता येणार नाही म्हणून. मला अजून त्याचा संताप येतो.

तेवढ्यात गुराबेच्या पोटातून कर्रर्र असा आवाज आला आणि देव किंचित डावीकडे कलला. आता सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. मांडवात मूर्ती पडून खंडित झाली तर गल्लीला तोंड दाखवायला जागा नाही. उपायांवर उपाय निघाले. कुणी म्हणालं बांबूचा टेकू द्या. खजिनदार हैबतराव म्हणाले, जहाजाची एक बाजू करवतीने कापा आणि आत जीपचा जॅक लावा. गणपतीखाली जॅक! बाबांना ते पटलं. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. जेवून आल्यावर सुतार आणायचं ठरलं.

“बाय, एकच बाजू कापायची हाय,” बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. “पुढून दिसनार नाय.”

आत्या पाठ फिरवून मांडवाबाहेर पडली. ती भांडायची थांबली की मला भीती वाटते.

ती आमच्या घरी आली, हातपाय धुतले आणि माझ्या आईला म्हणाली, “चंद्रावती, दही हाय का गो घरात?” आईने तिच्याकडे एकदा बघितलं. दही कशाला लागतं हे आईला बरोबर कळलं. आईने गुपचूप वाटीत दही दिलं, वर चार पोहेही घातले, आणि मला म्हणाली, “दिपिका, आरतीचं ताट घेऊन जा आत्याबरोबर.” उभ्या जन्मात आई बाबांच्या विरोधात एवढी एकदाच गेली.

मांडवात दुपारची सामसूम होती. आत्याने निरांजन लावलं आणि खड्या आवाजात आरती सुरू केली. आरती ऐकून आजूबाजूचे लोक सवयीने आले, टाळ्या वाजवू लागले, कुणी झांजा घेतल्या. अवेळी आरती का, असं कुणी विचारलं नाही. आरती संपली. आत्याने देवाच्या हातावर दही-पोहे ठेवले. तेव्हा मागच्या बायकांच्या टाळ्या थांबल्या, कारण दही निघतानाच देतात.

“देवा,” आत्या म्हणाली, “तुला बसायला धड जागा नाय दिली यांनी. तू पडशील. घरी जा. माझं काय चुकलं असंल तर माझ्या माथी.”

आणि तिने दोन्ही हातांनी मूर्ती धरून हलवली.

जे काही झालं त्याचं वर्णन काय करू! जेवणातून उठून आलेले बाबा खरकट्या हाताने ओरडत होते, “बाय, तुला येड लागला का?” हैबतराव तर रडायचेच बाकी होते. स्पर्धा गेली, पुढच्या दिवसांसाठी ठरवलेला ऑर्केस्ट्रा गेला. पण आता कुणाला काही करता येत नव्हतं. भटजींना बोलावलं. ते येऊन उत्तरपूजा सांगून गेले, आणि जाताना हळूच म्हणाले की बाईंनी मूर्ती वाचवली. संध्याकाळी कुंडलिका नदीत विसर्जन झालं. आत्या मिरवणुकीत सगळ्यांच्या मागून अनवाणी चालली. तिच्या जवळ कुणी जात नव्हतं, म्हणून मी गेले.

रात्र संपायची वाट न बघता तिने थर्माकोल उपटला, बल्ब उतरवले, फडकं फाडलं. वरच्या फळीत खळगा पडला होता, काही बरगड्या मोडल्या होत्या, पण गुराब उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. गल्लीचा गणपती बाईने हलवला ही बातमी रोहाभर झाली होती. यायचे, आणि समोर देव नाही तरी सवयीने गुराबेला हात जोडायचे. कुणीतरी तिच्यावर नाणं टाकलं. आत्याने ते उचलून परत फेकलं. “पाया कशाला पडताव? ह्यो देव नाय, होडी हाय. हात खाली करा नि बघा!” तेव्हा कुठे लोक बघू लागले. वाकून तोफा बघू लागले, दोर बोटांनी चाचपू लागले. कागद आहे यावर कुणाचा विश्वास बसेना.

मांडव सोडायच्या दिवशी बाबा आले. बोलणं बंदच होतं. तेही रांगेत उभे राहिले. समोर आल्यावर त्यांचेही हात आपोआप जुळले, तर आत्याने ते फटकन खाली पाडले. “तू तर बघच.”

बाबांनी बघितलं. मागून पुढे बघत बघत ते नाळेपाशी आले आणि थांबले.  हळूच हात पुढे करून त्यांनी नाळेवर ठेवला.

“बाय,” ते म्हणाले, “ही तर आपली मैना हाय गो.”

“नाय,” आत्या म्हणाली. “मैना तू भट्टीत घातलीस. ही माझी हाय. हात काढ, आनि बाजूला हो. मागं लोकं उभी हायत.”