चालून दाखव
ऐंशीच्या दशकात ह्यूस्टनच्या एका फुटबॉल क्लबसाठी मी डॉक्टर म्हणून खेळाडूंचे गुडघे तपासायची. खेळाडू विकत घेताना क्लब बोलणी करायचा ती फक्त खेळाडूच्या एजंटशी. एकदा मॅनेजर एका नव्या खेळाडूला म्हणाला, "चालून दाखव." तो चालला. वय, वजन, जुनी दुखापत, सगळी उत्तरं एजंटच देत होता. माझं डोकंच फिरलं. नाशिकला मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही असंच चालायला लावलं होतं, आणि माझ्या वतीनं काका बोलत होते.

मी मॅनेजर आणि एजंट दोघांना खोलीबाहेर काढलं आणि खेळाडूला विचारलं, "तुला इथं यायचंय का?"

एजंट गेला त्या बंद दाराकडे तो बघत राहिला. नाशिकला मीही काकांकडेच बघितलं होतं.