विरजणाचं गाडगं घेऊन धानोऱ्याला

धानोऱ्याला जायचं ठरलं ते माझ्यासाठी नाही, विरजणासाठी. साल पन्नासच्या दशकातलं, थंडी नुकती लागलेली. माझे यजमान तिथल्या जंगलखात्याच्या लाकूड-डेपोत कारकून, मी नागपुरात सासरी, मांडीवर चार महिन्यांचा बबन. मला पोचवायला निघाले थोरले भासरे, म्हणजे यजमानांचे मोठे भाऊ, नाना. नानांना ताकाचं वेड होतं. पचन सुधारतं, मूळव्याध पळते, डोकं शांत राहतं, हे ते येईल त्याला ऐकवत. डोकं शांत राहिलेलं मात्र घरात कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनीच सासूबाईंच्या गळी उतरवलं होतं की आईचं दूध बाळाला जड जातं, आता पातळ ताक सुरू करा. झालं. बबनला बोंडल्यानं ताक, आणि माझं दूध पदरात मुरायचं. पोराचं पोट वाहू लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या. नाना म्हणाले, घाण बाहेर पडते आहे.

नागभीडला छोटी गाडी बदलून वडशाला उतरलो. स्टेशनापासून बाजारापर्यंत धानाची पोती, आणि पलीकडे नाटकाचा मंडप उभा राहत होता. आमचं नाटक बरोबरच होतं. विरजणाचं गाडगं माझ्या मांडीवर, बबन दुसऱ्या मांडीवर, आणि गाडगं हिंदकळलं की नाना दचकायचे. बबन रडला की मात्र नाही. आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ते खिडकीला सूचना द्यायचे आणि मी बबनला उत्तर द्यायची.

वडशाहून गडचिरोलीपर्यंत सर्विस मोटार मिळाली. पुढे बैलगाडी, सागाच्या जंगलातून, धुळीनं माखून. आता डांबरी सडक झाली म्हणतात, पण जाणार असाल तर कंबर शेकायची सोय ठेवा. मोटार थांबली त्या ढाब्यावर भात आणि झणझणीत वरण मिळालं. नानांनी त्यावर ताक मागितलं. ढाबेवाला त्यांच्याकडे बघतच राहिला.

धानोऱ्यात पोचलो तोवर विरजण फसफसायला लागलं होतं. ते जगवायला ताजं दूध हवं. यजमानांच्या बिऱ्हाडाशेजारी मैनाबाई राहायची, गोंड बाई, मोहफुलं आणि डिंक गोळा करणारी. तिच्या दारात चार गायी बघून नानांचा चेहरा उजळला.

"बाई, दूध पाहिजे."

"गायी आहेत. दूध नाई."

"भाकड आहेत का?"

"भाकड काऊन राहीन? वासरं आहेत ना."

"वासरांचं पिऊन उरतं ते द्या."

"उरते काय अन् नाई काय. आमी काढतच नाई. थो वासराचा आहे."

त्यांच्यात गाईचं दूध काढतच नसत. नानांना हे पटेना. त्यांनी अंगणातच व्याख्यान लावलं: दूध तापवून बोट सोसेल इतकं कोमट करायचं, थेंबभर विरजण लावायचं, सकाळी रवीनं घुसळून लोणी काढायचं, वर भाजलेलं जिरं आणि सैंधव. मैनाबाईनं सगळं ऐकलं. मग तिची नजर बबनवर गेली.

"हा लेकरू असा काऊन झाला? बाई, तुले दूध नाई येत काय?"

पदर ओला होता, तिला दिसला.

"येते तं मंग. आपल्या लेकराचा पदरात सांडून राह्यली, अन् गाईच्या लेकराचा मांगून राह्यले?"

यजमान पायाकडे बघू लागले. त्यांना तेव्हाच बोलायला हवं होतं, तो राग माझा अजून गेलेला नाही. मी उठले, आत गेले, दार लावलं आणि बबनला छातीशी घेतलं. तो इतक्या घाईनं प्यायला की मला रडू आलं. बाहेर नाना चिंचेच्या झाडाला सांगत होते, "ताक मिळेपर्यंत चालेल."

ताक मिळालंच नाही. विरजणाला बुरशी आली, नानांनी ते सुतकी चेहऱ्यानं नाल्यात सोडलं. आठवडाभर त्यांनी मैनाबाईच्या घरची आंबट आंबील वाट्या भरभरून ढोसली. तब्येत छान राहिली, मग ते नागपूरला परतले. बबनच्या हातापायांना पुन्हा वळ्या पडल्या.

संक्रांतीला नाना आम्हाला परत न्यायला आले. नागपूरच्या घरी त्यांची ताकवाली मंडळी जमली होती. नवं विरजण कुठूनसं आलंच होतं. मी पेले घेऊन बाहेर आले तेव्हा नानांनी बबनला उचलून धरलं होतं.

"बघा. नेला तेव्हा काडी होता. ताकावर असा झाला."

मी हातातलं तबक खाली ठेवलं.

"नाना, धानोऱ्याला मैनाबाई गाईचं दूध काढत नाही. हा माझ्या दुधावर वाढलाय, आणि पुढेही वाढेल."

कुणी पेला उचलेना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसल्या की शरमल्या, मला कळलं नाही. पण बोंडलं त्या दिवसापासून फळीवर गेलं. नानांनी बबनला माझ्या हातात दिलं, एक घोट घेतला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून बोलले.

"ताकात मीठ कमी आहे."

मी अजून रोज ताक करते, आवडीनं पिते, मोठ्यांना पाजतेही. मीठ त्या दिवशीही बरोबर होतं.