गुंड्याची सवय मोडताना

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "गुंड्याने सकाळचं खाल्लं का?" जवळचा मित्र गेल्याची बातमी कानात, अर्ध्या गालाला साबण, आणि मी चौकशी करतोय कुत्र्याची! पण मुग्धाला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हो काका, खाल्लं. मीच दिलं," ती म्हणाली. अनंताला जाऊन आता दीड महिना होत आला. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्या प्रश्नापासूनच लिहायला हवं, कारण शेवटचे काही महिने त्याच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

आम्ही दोघं तरुणपणी नागपूरहून फरीदाबादला एकाच कारखान्यात नोकरीला आलो आणि पुढे एकाच गल्लीत समोरासमोर घरं बांधली. अनंता क्वालिटी कंट्रोलमध्ये होता. पास न झालेला नट तो कुणाच्या बापाने सांगितलं तरी पुढे जाऊ देत नसे. वहिनी गेल्यावर हा बडबड्या माणूस एकदम मुका झाला. मुग्धा नोकरीसाठी गुडगावला, हा घरात एकटा. त्या थंडीत एका सकाळी त्याच्या गाडीखाली कुडकुडणारं एक तांबूस पिल्लू सापडलं आणि अनंताला पुन्हा तपासायला काहीतरी मिळालं. हो, तपासायलाच! रोज फिरून आल्यावर कान बघ, पंजे उलटून बघ, कानामागे गोचीड आहे का बघ, दात बघ. लशींच्या तारखा त्याला तोंडपाठ. मे-जूनमध्ये आधी स्वतःचा तळहात रस्त्यावर टेकवून बघायचा, चटका बसला की फिरणं रद्द. दिवाळीनंतर हवा खराब झाली की गच्चीतच चेंडू. मी म्हणायचो, "अरे, मुग्धाच्या लहानपणी तिच्याकडे इतकं लक्ष दिलं असतंस तर ती डॉक्टर झाली असती." त्यावर तो म्हणे, "तिला बघायला तिची आई होती. ह्याला कोण आहे?"

पिल्लाचं नाव ठेवलं गुंड्या. गल्लीतले पंजाबी शेजारी त्याला 'गुंडा' म्हणत आणि लाडाने हाताला येईल ते भरवत. अनंताने त्याला 'बस', 'थांब', 'चल' असं सगळं मराठीतच शिकवलं. मारणं नाही, ओरडणं नाही. एक शब्द, एकच सूर, आणि जमलं की उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. मला कुत्र्यांचं प्रेम कधीच नव्हतं, पण अंगणातला तो वर्ग बघायला मी चहाचा कप घेऊन जात असे.

एका गणपतीत मात्र घात झाला. अनंताकडे सत्यनारायण होता, आमची सगळी मराठी मंडळी जमलेली. आता प्रसाद घरातल्या प्रत्येकाला द्यायचा, मग मुक्या जनावरानेच काय पाप केलंय? जो तो उठला आणि द्रोणातला शिरा गुंड्याला चारून आला. माझी बायकोही चारून आली. शिरा साजूक तुपातला आणि बेदाण्यांनी गच्च भरलेला. संध्याकाळी गुंड्या ओकू लागला, मग निपचित पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, "अंकल, किशमिश तो नहीं खाई इसने?" कुत्र्याची किडनी बेदाण्याने निकामी होऊ शकते हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? सलाइन लावलं, जीव वाचला. पण अनंताने हाय खाल्ली. "प्रसादाला नको म्हणायचं आपल्याला जमायचं नाही," तो मला म्हणाला. "मग ह्यालाच म्हणायला शिकवतो."

आणि शिकवलं! अनंता 'घे' म्हणाल्याशिवाय गुंड्या कशालाही तोंड लावीना. समोर चिकन ठेवा, पेढा ठेवा, तो आधी अनंताकडे बघणार. पुढच्या गणपतीत मंडळींनी खूप आग्रह केला, पण ह्याने मान फिरवली. अनंता तेव्हा छाती फुगवून हिंडत होता.

दोन वर्षांनी त्याचं पोटाचं दुखणं निघालं, आणि तेही उशिरा कळलं. तपासण्यांसाठी तो हॉस्पिटलमध्ये राहिला आणि गुंड्या माझ्याकडे. मी 'घे' म्हटलं, बायकोने म्हटलं, मुग्धा येऊन काकुळतीने म्हणाली. कुत्रा भरल्या ताटलीपुढे बसून दाराकडे बघत राहिला. अनंता परत येईपर्यंत त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ते ऐकून अनंता म्हणाला, "माल उत्तम बनवला रे, पण माझ्यामागे हा उपाशी मरेल... आपल्या हाताने मारतोय मी त्याला."

डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं होतं ते आम्हाला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात त्याने एकच काम केलं. मुग्धाला घरी राहायला बोलावून घेतलं. ती लॅपटॉपवर ऑफिसचं काम करी आणि मधल्या वेळात बापाकडून शिके. आधी ताटली मुग्धाच्या हातात आणि 'घे' अनंताचं. मग दोघांनी मिळून म्हणायचं. मग अनंताने नुसतं समोर बसायचं, मग आतल्या खोलीत, मग दार लावून. "बाबा, यार, तो तुमच्याकडेच बघतोय!" ती रडकुंडीला येई. "बघू दे. तू म्हणत राहा." ज्या दिवशी गुंड्याने मुग्धाच्या शब्दावर पहिला घास घेतला, त्या दिवसापासून अनंताने त्याला हात लावणं बंद केलं. कुत्रा येऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि हा दोन्ही हात काखेत दाबून खिडकीबाहेर बघत बसायचा. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अरे, एकदा थोपट की! असा काय दगड झालास?" तो म्हणाला, "तुला सांगितलं तर कळतं की मी जाणार आहे. त्याला कसं सांगू? सवयच मोडायला हवी."

परवा मी गुडगावला मुग्धाच्या फ्लॅटवर जाऊन आलो. खरं सांगतो, गुंड्या खंगलेला दिसेल ह्या तयारीने गेलो होतो. तो शेपटी हलवत दाराशी आला, मला हुंगलं आणि मुग्धाच्या पायाशी जाऊन बसला. अंगावर तुकतुकी, कान स्वच्छ. तिने 'घे' म्हणताच ताटली चाटूनपुसून साफ केली आणि बाल्कनीत जाऊन पसरला. मुग्धाचे डोळे भरून आले. "काका, ह्याला बाबांची बिल्कुल आठवण येत नाही का?" मी म्हटलं, "नाही येत. तुझ्या बापाने काम फत्ते केलं, पोरी." तिला बरं वाटलं की वाईट, कोण जाणे. ती रडली आणि मग तिने माझ्यासाठी पोहे केले.

मेट्रोने परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत शिरलो, आणि मी स्वतःच्या घराकडे न वळता समोरच्या फाटकाची कडी काढली. अंगणात जाऊन हाकही मारली, "अनंता, आहेस का रे?" कुलूप दिसल्यावर भानावर आलो. हे काही पहिल्यांदा झालं नाही, हल्ली रोज होतं. बायको गॅलरीतून बघते आणि चहा टाकते. कुत्र्याची सवय मोडायला त्याने अख्खा उन्हाळा घालवला, आणि मला तो रोज संध्याकाळी न चुकता हाक मारून बोलावत राहिला, अगदी शेवटचा हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवसापर्यंत.