बांधी सरेपर्यंतची गोष्ट

कामठ्याला आमच्या घरी गोष्ट फुकट मिळत नसे. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, दुपारी तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगायची आणि मध्येच गप्प व्हायची. कुणी "मंग?" म्हटलं तरच पुढे बोलायची. नाही म्हटलं तर राजा जिथे उभा तिथेच उभा! एकदा मला डुलकी लागली, तर बाईनं अख्खा राजवाडा गुंडाळून ठेवला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा मी चौथीत असेन, नव्वदचं दशक सरत आलं होतं, घरात टीव्हीही होता. पण मला वेड लागलं ते मोठ्या मायच्या गोष्टींचंच.

लग्न करून आमगावकडच्या एका गावात आले ती गोंदियाचं कॉलेज करून, अर्धी हिंदी झाडत. घरी शेती होती, पण धानाच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, मला कुणी कधी वाकू दिलं नव्हतं. सासरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या चिखलाच्या तुकड्यात, मी लावलेली रोपं थोड्या वेळानं पाहावं तर आडवी झोपलेली. सासूबाई साऱ्या बायांदेखत म्हणाल्या, "तोंड त मोठं चालून राहिलं हिचं, हात काऊन नाही चालत?" बाया खो खो हसल्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मनात म्हटलं, थांबा, आता तोंडानंच दाखवते.

दुसऱ्या दिवशी ओळीत वाकल्या वाकल्या मी मोठ्या मायची सात भावांच्या बहिणीची गोष्ट सुरू केली. बाया "मंग? मंग?" करू लागल्या. हात भराभर चालले. माझ्या वाटची रोपंसुद्धा शेजारणींनी लावून टाकली, कारण सांगणारीची पात बाकीच्यांनी ओढायची, अशी तिथली रीत. मी खुशीत गोष्ट संपवली आणि वर पाहिलं. बांधी अर्धीच झाली होती.

साऱ्या जणी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अवं माय, कंबर गेली ना माही!" एक म्हातारी कण्हली. "बांधी अर्धी, अन् गोष्ट सरली? कायले सांगाले बसली होती व तू?" बांधी सरल्याशिवाय गोष्ट सरू द्यायची नाही, हे मला कोण सांगणार? गोष्टीत कंबर विसरली जाते, एवढं कॉलेजात शिकलेलीला कळलं नव्हतं.

"सरली कुठे?" मी घाईघाईनं म्हटलं. "त्या बहिणीले एक पोरगी होती ना!"

साफ खोटं. मोठ्या मायच्या गोष्टीत पोरगी नव्हतीच. पण बाया पुन्हा वाकल्या. मग मी त्या पोरीला सालेकसाच्या जंगलात मोहफुलं वेचायला पाठवलं. ते जंगल मी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेलं. पुढे काय होणार हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि काय सांगू, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता! आज माझ्या कथा दिवाळी अंकांत छापून येतात, पण सुरुवात त्या चिखलातली.

ती पोरगी सगळा रोवणा पुरली. सगळ्या बाया "मंग?" म्हणायच्या, फक्त सासूबाई नाही. त्या ओळीच्या टोकाला मुकाट्यानं रोपं खोचत राहायच्या. मला तर त्यांचंच एक "मंग?" हवं होतं. रोज वाटायचं, आज म्हणतील. छे! घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडल्याचं तेवढं बोलायच्या.

रोवण्याचा शेवटचा दिवस. बायांना घरी जायची घाई, हात सुसाट. शेवटच्या बांधीचा एक कोपरा उरला तेव्हा माझ्या गोष्टीतलं अस्वल नुकतंच पोरीच्या मोहाच्या टोपलीवर ठाण मांडून बसलं होतं. आता हे आटपायचं कसं? मी घाईनं शेवट शोधू लागले.

रोपांची उरलेली पेंढी सासूबाईंच्या हातात होती. एक रोप वाया गेलं तरी घर डोक्यावर घेणारी ती बाई रिकाम्या कोपऱ्यापाशी नुसती उभी राहिली.

"लावा ना मामी, झालंच," कुणीतरी म्हणालं.

"थांब व," त्या खेकसल्या. पेंढी तशीच काखेत धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग? उठलं का नाही ते अस्वल?"