भिंतीवरचं पाणी

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन सणानंतरच्या सोमवारी ठरलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रविवारी गाता येल ना?"

"गा," डॉक्टर म्हणाले. "नंतर मात्र नाही."

सण म्हणजे वसईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीवाड्यातल्या चर्चचा वर्षाचा सण. मिस्सा, म्हणजे सणाची मोठी प्रार्थना, झाली की फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला बंदरावर जातात. बाबा तरुणपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गायचे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं आयुष्य समुद्रावर. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं गाणं रचलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं, आमच्या घरच्या बोलीत. त्याचं धृपद होतं:

दर्याचं पानी, आये वानी.

वानी म्हणजे सारखं. दर्याचं पाणी आईसारखं. माझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझ्यासारखंच बाबाही तिला आयेच म्हणायचे. ती गेल्यावर तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलले ते एवढंच.

कॅलेंडरचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "मी एकला गानार नाय. सगल्यांनी गायला पायजे. तुजा तो भिंतीवरचा मशीन हाय ना, त्याच्यावर लाव."

तो मशीन म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. चर्चमध्ये तो मीच आणवला होता. गोखिवऱ्यात एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझं डीटीपीचं काम चालायचं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर. आसपासच्या कारखान्यांची पत्रकं, दरपत्रकं, लेबलं मी करून द्यायची. नुसती टाइप करून नाही. कुणाला विकायचंय, तो माणूस पत्रक कुठे उभा राहून वाचेल, पहिली ओळ कोणती हवी, हे मालकांना समजावून सांगायची. मग वाटलं, हेच चर्चला का नको? समितीपुढे जाऊन मी सांगितलं की लोक गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून पुटपुटतात. शब्द भिंतीवर लावा, माना वर होतील, आवाज आपोआप निघेल.

समितीतले एक काका म्हणाले, "आज गानी भिंतीवर. उद्या फादरना पन भिंतीवर लावशील काय गो?"

फादर हसले आणि हो म्हणाले. माना खरंच वर झाल्या. आवाजही वाढला. मला त्याचा अभिमान होता आणि तो चुकीचा नव्हता.

चूक दुसरीकडे होती. त्यासाठी दोन वर्षं मागं जावं लागेल. पाण्याच्या टाक्या बनवणारे एक मालक होते, देशावरचे. त्यांच्या पत्रकाची पहिलीच ओळ मी चुकवली. आमच्याकडे ण नाही. आम्ही पानी म्हणतो, कोन म्हणतो, लोनी म्हणतो. शिकले, पदवी घेतली, तरी घाईत बोटं घरचंच टाइप करायची. मालकांनी कारखान्यातल्या चारपाच माणसांसमोर ओळ मोठ्यानं वाचली. "पानी साठवा निर्धास्त! अहो मॅडम, टाकी विकायचीय, मासळी नाही."

सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी बसून यादी केली. जे जे शब्द माझ्या हातून घरच्यासारखे पडतात ते डावीकडे, शुद्ध रूप उजवीकडे. पानीचं पाणी, कोनचं कोण, दानेचं दाणे. कॉम्प्युटरला एक आज्ञा लिहून दिली: छापण्याआधी प्रत्येक काम या यादीतून जायचं, सापडेल तो शब्द बदलायचा. यादी वाढत गेली. वजनकाटे बनवणाऱ्यांच्या पत्रकात मी किराणा दुकानदारांना 'वानी' लिहिलं होतं, तेव्हापासून वानीचं वाणीही त्यात गेलं. त्यानंतर माझ्या कामात कुणाला गावठी शब्द सापडला नाही.

बाबांचं गाणं मी अक्षर न अक्षर त्यांनी लिहिलं तसं टाइप केलं. हे मी शपथेवर सांगू शकते. मग सवयीनं छापायची आज्ञा दिली. पारदर्शक कागद गरम गरम बाहेर आले, ते मी वाळवून पाकिटात घातले. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन प्रोजेक्टर लावला, शेवटच्या बाकावर बसून पाहिलं. अक्षर पुरेसं मोठं आहे, खिडकीचा उजेड आड येत नाही, कडा वाकड्या नाहीत. हे सगळं तपासलं. वाचलं नाही. पाठ असलेलं गाणं कोण वाचतं?

रविवारी चर्च भरलेलं होतं. कॉयरच्या पुढे बाबा पांढऱ्या शर्टात उभे. आवाज आधीच खरखरीत झाला होता, तरी पहिली ओळ त्यांनी नीट उचलली. लोकांनी माना वर केल्या आणि भिंतीवर होतं ते म्हटलं.

दर्याचं पाणी, आये वाणी.

आमच्या लोकांना वाणी म्हटलं की किराणा दुकानदारच आठवतो. माझ्या मागच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय गो, ह्याच्या आयेनं दुकान कवा टाकला?" शेजारीण पदरात तोंड घालून हसली. हसू बाकांवरून पुढे सरकत गेलं. दुष्टपणा नव्हता त्यात. सणाचा दिवस, माणसं खुशीत होती.

बाबा थांबले. वळून भिंतीकडे पाहिलं, ओठ हलवत वाचलं. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते. दिवा बंद करायला एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही. मला वाटलं, ते आपलंच म्हणतील आणि लोक त्यांच्यामागून येतील.

त्यांनी भिंतीवरचं म्हटलं. जो ण त्यांच्या तोंडात जन्मभर नव्हता तो प्रत्येक ओळीला शोधून काढत, जिभेला वळवत, अडखळत. सूर गेला, ताल गेला. पाणी, वाणी, कोण, दाणे. कॉयरच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. पेटीवाला मागं राहिला. चौथ्या कडव्याला फक्त बाबाच गात होते. शेवटपर्यंत गायले.

नंतर सगळे बंदरावर गेले. आम्ही दोघं चर्चच्या पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, "बाबा, तुम्ही तुमचंच का नाही म्हटलं?"

"छापलेला होता ना," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस, बाय. मना वाटला माजाच चुकला आसल."

"तुमचं नव्हतं चुकलं. यंत्रानं बदललं."

"यंत्राला कोनी सांगला?"

मी यादीबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "चांगला केलास. धंद्याला लागतंय." त्यांच्या तोंडून आलेलं हे जवळजवळ शेवटचं बोलणं. सोमवारी ऑपरेशन झालं.

पुढे ते दोन वर्षं जगले. सगळं बोलणं पाटीवर. मी दुकानातून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणला होता. दवाखान्यात पाचव्या की सहाव्या दिवशी नाकातली नळी काढली आणि नर्सनं सांगितलं, काय हवं ते लिहून दाखवा. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ लावला. वाटलं, काहीतरी मोठं लिहितायत.

पाणी, असं लिहिलं होतं. ण दोनदा पुसून पुन्हा काढलेला, वाकडा. पाटी माझ्यासमोर धरून ते माझ्याकडे पाहत होते, शाळेत बाईंना दाखवतात तसं.

मी त्यांना पाणी दिलं. मग पाटी घेतली, ण बोटानं पुसला आणि तिथे न काढला. पाटी परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती वाचली. मान हलवली, नाही म्हणून. माझा न तळहातानं पुसला आणि हळूहळू, जीभ दातांत धरून, पुन्हा ण काढला.