गिअरचं तेल तापू नये म्हणून

गोमा वाघमारेचा डावा घोटा वीटभट्टीवर निकामी झाला. तो तिथे ट्रक घेऊन विटा भरायला गेला होता. उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर मागे सरकला आणि ट्रॉलीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. हाडं जुळली, पण घोटा आखडला तो आखडलाच. चालताना जरा लंगडायचा, बाकी दिसायला धडधाकट. पण वळत नाही अशा घोट्याने ट्रकचा क्लच कसा दाबणार?

बेहड्याच्या वाडीतून ट्रकचं लायसन काढणारा गोमा पहिलाच. कातकऱ्याचं पोर एवढी मोठी गाडी चालवतं म्हणून त्याच्या मालू आतेला कोण अभिमान! आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून त्याला या आतेनेच वाढवलेलं. लग्नानंतर तो बायकोला, साळूला, घेऊन पळस्प्याला खोलीत राहायला आला होता. पाय गेल्यावर साळू नवीन पनवेलला इमारतींच्या कामावर रेतीची घमेली वाहायला जाऊ लागली. गोमा घरी राहायचा. भात टाकायचा, सुकट भाजायचा, ती आली की तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा. रस्त्यावरून ट्रक गेला की आवाजावरून तो कितव्या गिअरमध्ये आहे हे त्याला कळायचं. साळूला तेही कळायचं, म्हणून ती अशा वेळी काहीतरी दुसरंच बोलायला लागायची. दोन पावसाळे असेच गेले.

पळस्प्यातच दीपेश पाटलाचे पाण्याचे टँकर होते. त्याने कुठल्यातरी मोठ्या बांधकामावरची जुनी गाडी लिलावात घेतली आणि तिच्यावर टाकी बसवली. गाडी ऑटोमॅटिक निघाली. त्याच्या ड्रायव्हरांना ती आवडेना. गिअर आपण टाकायचा की गाडीने, असं म्हणून एकेक जण तिच्यावरून उतरला. तेव्हा दीपेशला गोमा आठवला. तो स्वतःच खोलीवर आला आणि दारातूनच म्हणाला, "गोमा, हिला क्लच नाय. बसतोस काय?"

गोमाने साळूकडे पाहिलं. ती हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "मी पन येते बगायला."

पहिल्या दिवशी ती शेजारच्या सीटवर बसली. गाडी सुरू झाली, हलली, आपोआप गिअर बदलला. पण गोमाचा डावा पाय ऐकेना. वेग वाढला की तो क्लच शोधायला पुढे जायचा, काही सापडायचं नाही, मग घुटमळायचा. साळूने त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"याला आता काम नाय," ती म्हणाली. "बसू दे त्याला."

रोडपालीपर्यंत जाऊन ते परत आले. तोवर तिने हात काढला नव्हता.

मग गोमा कामाला लागला. सोसायट्या, बांधकामं, लग्नाचे हॉल, जिथे पाणी कमी तिथे टँकर. सपाट रस्त्यावर गाडीने कधी कुरकुर केली नाही. एप्रिल संपता संपता बेहड्याच्या वाडीची विहीर आटली आणि तिथे टँकर लावायचं ठरलं. दीपेशने विचारायच्या आधीच गोमा म्हणाला, "वर मीच जानार."

वाडीचा रस्ता म्हणजे डोंगराच्या कडेने काढलेली खडीची वाट. गोमाने खालून भरलेला टँकर चढाला लावला. पहिली दोन वळणं ठीक गेली. मग गाडी रखडायला लागली. इंजिन ओरडतंय, चाकं मात्र जेमतेम फिरतायत. समोरच्या पट्टीवर गिअरच्या तेलाचा काटा लाल रेघेला टेकला, दिवा लागला, आणि जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये आला. वळणावर जरा सपाट जागा होती. गोमाने गाडी तिथे घातली, हँडब्रेक लावला, उतरून चाकांना दगड लावले. पायाचं दुखणं त्याला तेव्हा जाणवलंही नाही.

त्याने कळंबोलीच्या उदयसिंहला फोन लावला. उदयसिंह राजस्थानातला, पण तीस वर्षं कळंबोलीत ट्रकच दुरुस्त करत आलेला.

"इंजिन बंद केलंस का?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"करतोच हाय आता."

"नको! चालू ठेव. न्यूट्रलमध्ये टाक आणि थोडी रेस दे. इंजिन फिरलं तरच तेल कूलरमधून फिरेल, आणि फिरलं तरच थंड होईल. बंद केलंस तर तिथेच उकळत बसेल. कुठल्या गिअरमध्ये चढवत होतास?"

"मी कुटं, तीच टाकते ना गिअर."

"अरे बाबा, सपाटीवर तिचं ऐकायचं. चढावर आपण सांगायचं. खालूनच पहिल्या गिअरला बांधून ठेव. हिच्यात तेलच ताकद पुढे नेतं. गाडी रखडली की तेल आतल्या आत घुसळतं, तापतं, जळतं. काटा खाली आला की सरळ माझ्याकडे घेऊन ये."

गोमा केबिनमध्ये बसून रेस देत राहिला. वर वाडीत बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. टँकरचा आवाज येतो पण टँकर येत नाही, म्हणून त्या खाली चालत आल्या. सगळ्यांत शेवटी मालू आते. सत्तरीच्या पुढची बाई, कमरेत वाकलेली, काखेत रिकामी कळशी.

"आते, तू कशाला आलीस?" गोमा उतरला.

"तुजा टेंकर अडला म्हनून." तिने गाडीखाली डोकावून पाहिलं. तेलाचे थेंब पडलेले, खालून नुसती धग. "तापलाय बिचारा. थांब, पानी वतते."

ती कळशी घेऊन टाकीच्या नळाकडे वळलीसुद्धा. गोमाने तिचा हात धरला. "नको आते. गरम लोखंडावर गार पानी पडलं तर तडकंल. त्याचं तोच निवंल."

आतेने मान हलवली. कळशी भरून घेतली, पण उचलली नाही. गोमा टाकीला टेकून उभा होता, डावा पाय उचलून धरलेला. दगड लावताना घोट्याला झटका बसला होता आणि तो टम्म सुजला होता. आते खाली बसली, त्याची चप्पल स्वतःच्या हाताने काढली, आणि ओंजळीने त्याच्या घोट्यावर पाणी सोडायला लागली.

"आते, प्यायचं पानी हाय ते."

"माज्या वाट्याचं हाय," ती म्हणाली आणि सोडत राहिली.

बायकांचे हंडे भरले. काटा हळूहळू खाली आला. टाकीत उरलेलं पाणी गोमाने बायकांनी वाडीतून गडगडत आणलेल्या पिंपांत रिकामं केलं आणि गाडी सांभाळून कळंबोलीला नेली.

उदयसिंहने पुढची जाळी उघडली. रेडिएटरच्या पुढे बसवलेला तेलाचा कूलर माती, गवताचं बी आणि जुन्या तेलाच्या चिकट थराने लिंपल्यासारखा झाला होता. वाऱ्याला आत शिरायला फटही नव्हती. गिअरचं तेल लाल असायला हवं, ते काळं पडलं होतं. दीपेश शेजारी उभा राहून बघत होता.

"हे धुऊन, तेल बदलून सपाटीवर चालेल," उदयसिंह म्हणाला. "त्या चढासाठी मात्र वेगळा कूलर लागेल, स्वतःचा पंखा असलेला. नाहीतर पाटील, ही विकून टाका."

गोमा हातातल्या फडक्याने कूलरचं एक टोक पुसत राहिला. दीपेशने त्याच्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"ही इकली तर याला काय चालवायला देऊ?" तो म्हणाला. "लावा कूलर."

दुसरा कूलर टाकीखाली चासीच्या बाजूला बसला, तेल नवं पडलं. त्या आठवड्यात साळूने कामावरून एक दिवस सुट्टी घेतली आणि गोमाबरोबर वर गेली. खालच्या वळणालाच त्याने गाडी पहिल्या गिअरला बांधली. गाडी बैलासारखी, एका चालीने चढत राहिली. साळू रस्त्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे काट्यावर. जिथे मागे गाडी अडली होती ते वळण आलं आणि मागे पडलं. काटा मधल्या खुणेच्या जरा वर गेला आणि तिथेच राहिला. खालून पंख्याची घरघर येत होती.

"गेलो रं वर!" साळू ओरडली आणि स्वतःच लाजली.

टँकर थेट वाडीत, मालू आतेच्या कुडाच्या घरापुढे थांबला. गोमाने नळी तिच्या पिंपात सोडली. आते दारात बसून भरणाऱ्या पिंपाकडे बघत होती.

"मी बसू काय हिच्यात?" तिने अचानक विचारलं. एवढ्या वर्षांत ती ट्रकच्या पुढच्या सीटवर कधी बसली नव्हती.

तिला वर चढवणं सोपं नव्हतं. साळूने वरून दोन्ही हात धरले, गोमाने खालून आधार दिला. आते सीटवर मांडी घालून बसली. रिकामा टँकर उतरायला लागला. लहान गिअरमध्ये गाडी स्वतःच वेग धरून होती, ब्रेकला फारसं काम नव्हतं.

"तू सारका तिकडं काय बगतोस?" आतेने काट्याकडे बोट दाखवलं.

"तेल तापलं काय ते बगतो."

"आनि तापलं तर?"

"थांबायचं. निवू द्यायचं. मग जायचं."

आतेला ते पटलं. पळस्प्याच्या नाक्यावर मोठ्या गाड्यांची रांग बघून तिने साळूचा दंड घट्ट धरला, पण उतरायचं नाव घेतलं नाही. ती चार दिवस त्यांच्या खोलीवर राहिली. रोज सकाळी गोमा गाडीखाली शिरून कूलरच्या जाळ्या ब्रशने झाडायचा, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून चहा प्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "दमानं जावा. माजा गोमा गाडीखाली हाय."